अपस्माराचे कोडे उलगडणारा वैद्य : जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन

मनुष्यजातीला ग्रासणाऱ्या व्याधी पुष्कळ आहेत; परंतु अपस्माराच्या वाट्याला जितकी भीती, जितकी लज्जा आणि जितके अपसमज आले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्याधीच्या वाट्याला आले असतील. चालताबोलता मनुष्य एकाएकी कोसळतो, त्याचे अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. आणि दोनचार मिनिटांनी सारे शांत होऊन तो भानावर येतो, तेव्हा घडल्या प्रकारातले त्याला काहीही आठवत नाही. पाहणाऱ्यांची मात्र पाचावर धारण बसलेली असते. कोणी याला फेफरे म्हणतात, कोणी आकडी, कोणी मिरगी. चरकसंहितेत या व्याधीवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि स्मृतीचा लोप होतो म्हणून तिला अपस्मार हे नाव दिलेले आहे. ग्रीस देशातही सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात, या व्याधीचे मूळ देवाच्या कोपात नसून मेंदूत आहे असे निक्षून सांगितलेले आढळते. तथापि ग्रंथांतील शहाणपण ग्रंथांतच राहिले. लोक घाड्याकडे आणि देवऋष्याकडे धावत राहिले, आणि रुग्णाच्या नाकाशी कांदा नाहीतर जोडा धरीत राहिले.

ही भीती ज्यांनी शांत चित्ताने बाजूला सारली आणि त्या दोनचार मिनिटांच्या वादळाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, अशा एका वैद्याचे चरित्र येथे आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. मेंदूच्या रोगांचे आधुनिक शास्त्र उभारणाऱ्यांत त्यांची गणना अग्रभागी होते.

जॅक्सन यांचा जन्म ४ एप्रिल १८३५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील ग्रीन हॅमर्टन या खेड्याजवळ झाला. वडील सॅम्युएल जॅक्सन हे शेतकरी असून मद्य गाळण्याचा व्यवसायही करीत. आईचे माहेरचे नाव ह्यूलिंग्ज. ती वेल्श कुळातली. जॉन अवघा वर्षाचा असताना तो मातृसुखाला पारखा झाला. आईचे आडनाव मात्र त्यांनी जन्मभर आपल्या नावात वागवले, आणि आज सारे वैद्यकविश्व त्यांना त्याच जोडनावाने ओळखते. गावच्या साध्या शाळांतून जेमतेम शिक्षण झाले. घरी संपत्ती नव्हती, आप्तांत कोणी नामवंत नव्हते. त्यांचे भाऊ न्यूझीलंडला जाऊन स्थायिक झाले. किशोरवयातच जॉन यॉर्क शहरात एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले आणि तेथील वैद्यकशाळेत शिकू लागले.

या शाळेत टॉमस लेकॉक नावाचे एक विचारवंत अध्यापक होते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू ज्या नियमांनी चालतो, त्याच नियमांनी मेंदूही चालतो, असे त्यांचे मत होते. त्या काळी पुष्कळांना हे मत धाष्टर्याचे वाटे. कारण मेंदू हे आत्म्याचे आसन, तेथे शरीराचे नियम कसे लागू पडावेत, अशी समजूत होती. कोवळ्या वयात पडलेले हे बीज जॅक्सन यांच्या मनात खोल रुजले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण पुरे करून १८५६ साली ते वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तीन वर्षे यॉर्कच्या धर्मार्थ दवाखान्यात काम करून १८५९ साली पुन्हा लंडनला आले.

येथे त्यांच्या आयुष्याला भलतेच वळण लागायचे. तत्त्वज्ञानाची त्यांना अतोनात गोडी होती. वैद्यकीला रामराम ठोकून तत्त्वचिंतनालाच वाहून घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांचे यॉर्कशायरचेच मित्र डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी त्यांना यापासून परावृत्त केले, आणि एका वैद्यकीय साप्ताहिकासाठी रुग्णालयांतील रुग्णांची हकीकत लिहून देण्याच्या कामात आपल्याबरोबर घेतले. हे काम दिसायला किरकोळ, परंतु त्याने जॅक्सन यांना एक अमोल सवय लावली : आधी पाहायचे, जसे दिसले तसे टिपायचे, आणि मगच बोलायचे.

१८६० साली लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णांसाठी एक रुग्णालय उघडले होते. चँडलर घराण्यातील भावंडांच्या आजीला पक्षाघात झाला. अशा रुग्णांना कोठेच आसरा नाही हे पाहून त्या भावंडांनी हे रुग्णालय उभारण्यासाठी खटपट केली. १८६२ साली जॅक्सन तेथे साहाय्यक वैद्य म्हणून रुजू झाले आणि पुढे जन्मभर त्या संस्थेशी त्यांचे नाते राहिले. हे रुग्णालय क्वीन स्क्वेअरमध्ये आजही आहे.

इतर वैद्य त्या काळी अपस्माराचा विचार करीत तो मोठ्या झटक्याचा. ज्यात सारे शरीर एकदम हादरते त्याचा. जॅक्सन यांनी वेगळी वाट धरली. सारे घर पेटल्यावर आग कोठून लागली हे कळत नाही. ठिणगी कोठे पडली ते पाहावे. म्हणून ज्या रुग्णांचा झटका शरीराच्या एकाच बाजूस, एखाद्या लहानशा जागी सुरू होई, अशांना त्यांनी आपले गुरू केले. कोणाचा अंगठा व तर्जनी आधी थरथरे, कोणाच्या तोंडाची एक कड ओढली जाई, कोणाच्या पायाचा आंगठा हले. मग तो थरकाप हातातून दंडाकडे, तेथून चेहऱ्याकडे आणि पायाकडे, ठरलेल्या क्रमाने सरकत जाई. त्यांना असेही दिसून आले की, जे अवयव आपण सर्वांत कुशलतेने वापरतो, त्यांच्यापासून झटका सुरू होण्याचा संभव अधिक. सैन्याने वाट काढीत पुढे जावे तशा या सरकण्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

या क्रमावरून त्यांनी जे अनुमान काढले ते अपूर्व होते. झटका जर हातातून चेहऱ्याकडे याच क्रमाने जातो, तर मेंदूच्या पृष्ठभागावर हाताची जागा आणि चेहऱ्याची जागा शेजारीशेजारी असली पाहिजे. म्हणजे मेंदूवर शरीराचा जणू नकाशाच मांडलेला आहे! हातात सुरी न घेता, केवळ रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी हा नकाशा ओळखला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून त्याच्या पायांची हालचाल घडवून दाखवली, आणि १८७३ साली डेव्हिड फेरियर यांनी हे प्रयोग आणखी पुढे नेले, तेव्हा जॅक्सन यांच्या अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळाली. त्याच साली जॅक्सन यांनी अपस्माराची व्याख्या केली. तिचा भावार्थ असा, की मेंदूतील करड्या द्रव्याच्या एखाद्या भागात साठलेली शक्ती अधूनमधून, एकाएकी, प्रमाणाबाहेर व वेगाने मोकळी होते, तोच झटका. भूत नाही, कोप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. मेंदूतल्या विजेचा आलेख काढण्याचे तंत्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. हान्स बर्गर यांनी मनुष्याच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख प्रसिद्ध केला तो १९२९ साली. त्याच्या छप्पन्न वर्षे आधी जॅक्सन यांनी हे सांगून ठेवले होते.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. १८६५ साली त्यांचा विवाह नात्यातीलच एलिझाबेथ जॅक्सन हिच्याशी झाला. संसार सुखाचा होता. मूलबाळ मात्र झाले नाही. लग्नाला अकरा वर्षे होतात न होतात तोच एलिझाबेथबाईंच्या मेंदूतील शिरांत रक्ताची गुठळी झाली, आणि त्यांना झटके येऊ लागले. हे झटके कोणते? ज्यांचा अभ्यास त्यांच्या पतीने वर्षानुवर्षे परक्या रुग्णांच्या उशाशी बसून केला होता, अगदी तेच. एका बाजूने सुरू होणारे. साऱ्या युरोपात ज्यांच्याइतके या झटक्यांविषयी कोणास कळत नव्हते, त्यांना स्वतःच्या पत्नीसाठी काहीही करता आले नाही. त्या काळी औषध म्हणून काय ते ब्रोमाइड होते. तेही झटके थोडे दाबी, रक्ताची गुठळी विरघळवीत नसे. १८७६ साली एलिझाबेथबाई वारल्या. जॅक्सन यांनी पुन्हा विवाह केला नाही. उरलेली पस्तीस वर्षे ते मँचेस्टर स्क्वेअरमधील घरात एकाकी राहिले. पण रुग्णालयातली फेरी मात्र थांबली नाही. ज्ञान असूनही हात रिते राहिले, म्हणून त्यांनी ज्ञानालाच दोष दिला नाही. ते अपुरे आहे एवढेच मानून ते वाढवीत राहिले.

त्या ज्ञानाचे फळ इतरांना मिळू लागले. १८८६ साली क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात शल्यवैद्य व्हिक्टर हॉर्स्ले यांनी लहानपणी डोक्याला दुखापत झालेल्या एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. झटका कोठून सुरू होतो यावरून जागा ठरवली होती. तेथे जुन्या जखमेचा वण सापडला. तो काढल्यावर तरुणाचे झटके थांबले. शस्त्रक्रियेच्या वेळी जॅक्सन जवळ उभे होते.

झटक्यांचा आणखी एक प्रकार त्यांनी जगापुढे आणला. यात रुग्ण कोसळत नाही. तो जणू स्वप्नात शिरतो. पूर्वी घडलेलेच आता पुन्हा घडत आहे असे त्याला वाटते, नसलेला वास येतो, आणि तो ओठ चावल्यासारखे करतो. जॅक्सन यांचा असा एक रुग्ण स्वतः वैद्य होता. लेखांत त्यांनी त्याला झेड या अक्षराने ओळखवले आहे. एकदा एका आजाऱ्याला तपासण्याच्या वेळीच या वैद्याला झटका आला. भानावर येऊन पाहतो तो आजाऱ्याच्या डाव्या फुप्फुसाच्या तळाला न्यूमोनिया झाल्याचे निदान त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेले! पुन्हा तपासले, तर निदान बरोबर. तपासल्याची आठवण मात्र लवमात्र नाही. या वैद्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा कानशिलाच्या आतल्या बाजूस, अंकुशासारख्या वळलेल्या भागात एक लहानशी मऊ झालेली जागा सापडली. जॅक्सन यांनी जो भाग अंदाजाने सांगितला होता तोच तो.

या भागाला लागूनच समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आपल्या आठवणी साठवण्याचे काम प्रामुख्याने येथून चालते. जॅक्सन यांच्या एका जुन्या प्रश्नाचा धागा आजच्या संशोधकांना येथेच गवसला आहे, म्हणून थोडे थांबून ती हकीकत सांगणे अवश्य आहे.

प्रश्न असा : झटका संपतो कसा, आणि संपल्यावर रुग्ण इतका निस्तेज का होतो? कोणाचा हात तासन् तास लुळा पडतो, कोणी गाढ झोपतो, कोणाला दुखणेखुपणेही जाणवत नाही. जॅक्सन यांचे उत्तर होते, की शक्ती प्रमाणाबाहेर मोकळी झाल्याने मज्जापेशी थकून जातात. त्यांचेच सहकारी विल्यम गॉवर्स यांना वाटे, की केवळ थकवा नव्हे, मेंदू स्वतःला आवरून धरतो. दोघांच्याही हयातीत याचा निकाल लागणे शक्य नव्हते; कारण मेंदूतील रसायने तेव्हा अज्ञात होती.

१९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून दोन सूक्ष्म द्रव्ये वेगळी काढली. प्रत्येकात अवघी पाच अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली. आणि त्यांचे कार्य मात्र अफूच्या अर्कासारखे! त्यांना एन्केफॅलिन हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मस्तकातले. १९७९ साली अमेरिकेत ॲव्हरम गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने असेच दुसरे बलवान द्रव्य प्रसिद्ध केले, ते डायनॉर्फिन. अशा द्रव्यांना अफूसदृश पेप्टाइडे म्हणतात. वेदना शमवणारी अफू मनुष्याने खसखशीच्या बोंडात शोधली. पण तिचे सोदर आपल्याच डोक्यात आधीपासून नांदत होते.

ही पेप्टाइडे तयार कशी होतात तेही पाहण्यासारखे आहे. पेशीच्या केंद्रकात जनुकरूपी मूळ पोथी असते. तिच्यातील हव्या त्या पानाची नक्कल होऊन ती केंद्रकाबाहेर येते. त्या नकलेवरून एक लांबलचक प्रथिन बनते, आणि उसाची कांडी तोडावीत तसे त्याचे तुकडे होऊन ही पेप्टाइडे सिद्ध होतात. पेशी कोणत्या पानाच्या किती नकला काढते, यावर कोणते पेप्टाइड किती बनणार हे ठरते.

उंदरांवरील प्रयोगांत १९८० च्या दशकापासून असे दिसून आले, की हिप्पोकॅम्पसमधून झटका गेला म्हणजे तेथील कणासारख्या बारीक पेशींचा हा कारखाना आपले वेळापत्रकच बदलतो. काही तासांतच एन्केफॅलिनच्या नकला कितीतरी पटींनी वाढतात. डायनॉर्फिनचे उलट होते. झटक्याच्या वेळी ते पेशींतून पुष्कळ बाहेर पडते आणि साठा आटतो. झटके पुन्हापुन्हा येत राहिले, तर त्याच्या नकलाही कमी निघू लागतात. अवघ्या काही क्षणांचे वादळ, पण त्याची खूण पेशीच्या पोथीपर्यंत पोचते आणि तेथे कित्येक दिवस राहते.

याचा परिणाम काय? डायनॉर्फिन हा मुख्यतः लगाम आहे. मज्जापेशी एकमेकींना चेतवण्यासाठी जे रसायन सोडतात, त्याला ते आवर घालते. एन्केफॅलिनचे काम तितके सरळ नाही. मेंदूत काही पेशींचे काम इतर पेशींना शांत ठेवण्याचे असते. हिप्पोकॅम्पसमध्ये एन्केफॅलिन या राखणदारांनाच गुंगवते, आणि मग राखण सैल पडून खळबळ वाढू शकते. म्हणून वारंवार झटके येणाऱ्या मेंदूत लगाम झिजतो आणि राखणदार पेंगतो, असा दुहेरी धोका संभवतो. दुसरीकडे, झटक्यानंतरची गुंगी आणि वेदनेची बधिरता यांतही या द्रव्यांचा वाटा आहे. कारण अफूचा परिणाम उतरवणारे नॅलॉक्सोन हे औषध आधी दिले, तर उंदरांत ही लक्षणे कमी होतात. तात्पर्य, जॅक्सन यांचा थकवा आणि गॉवर्स यांचे आवरून धरणे, या दोन्ही कल्पनांत सत्याचा अंश होता. मेंदू शक्तीने रिता होतो हे खरे, आणि तो स्वतःच्या हाताने स्वतःला निजवतो हेही खरे.

या ज्ञानातून आशेचा एक किरण दिसू लागला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रिया व जर्मनी येथील संशोधकांच्या प्रयोगांत उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये डायनॉर्फिनचे जनुक पोचवण्यात आले. पेशी ते द्रव्य साठवून ठेवीत, आणि झटक्याची चाहूल लागली की तेवढ्यापुरते सोडीत. त्यामुळे महिनोन् महिने झटके थोपवले गेले. हा उपचार मनुष्याच्या उपयोगी पडेल की नाही, ते पुढील काळ ठरवील.

जॅक्सन स्वभावाने अबोल, लाजरे आणि काहीसे विक्षिप्त होते. मेजवानीत किंवा नाट्यगृहात त्यांना फार वेळ बसवत नसे. कादंबरी विकत घेतली की पुठ्ठे फाडून टाकायचे, पुस्तकाचे दोन तुकडे करायचे, आणि एकेक तुकडा एकेका खिशात घालून वाचायचा, अशी त्यांची गोष्ट सांगतात. त्यांनी सुमारे तीनशे लेख लिहिले, पण ग्रंथ असा एकही सिद्ध केला नाही; निवडक लेखांचे दोन खंड शिष्यांनी त्यांच्या पश्चात काढले. १८७८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि त्याच साली मेंदूविषयीचे एक नियतकालिक सुरू करणाऱ्यांत त्यांचा सहभाग होता; ते आजही निघते. मोठेपणाची हौस त्यांना नव्हती. आपल्याआधी कोणी तेच सांगितले असेल, तर त्याचे नाव ते अगत्याने घेत. उतारवयात बहिरेपणाने त्यांना ग्रासले. ७ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि हायगेटच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. फेनोबार्बिटल हे अपस्मारावरील पहिले खरे परिणामकारक नवे औषध त्यानंतर एका वर्षाने, १९१२ साली वापरात आले.

आज जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य औषध नियमित घेतल्यास त्यांपैकी शंभरात सत्तर जण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही कित्येक घरांत, विशेषतः मुलीच्या बाबतीत, ही व्याधी लपवली जाते. याला कारण केवळ अज्ञान नव्हे. आपल्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाच्या आड येणारा दोष म्हणून नमूद होता. तो शब्द १९९९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आला. कायद्यातला शब्द गेला, मनातला अजून जायचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गात किंवा वाटेत कोणाला झटका आला, तर भिऊन पळू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, जवळचे अणकुचीदार पदार्थ दूर सारा. त्याला दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, नाकाशी जोडा तर नकोच. घड्याळ पाहा; पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर डॉक्टरांना बोलवा. आणि आणखी एक करा : कोणता हात आधी हलला, मान कोणीकडे वळली, ते नीट पाहून डॉक्टरांना सांगा. दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका अबोल वैद्याने एवढेच केले होते. ते त्याने मनापासून केले, म्हणून ज्या व्याधीला लोक शाप म्हणत होते तिचा पत्ता सापडला.